पैलतीरावरची साद

कलियुग भरात आले असताना, सात समुद्रांपलीकडच्या एका महारण्यातून काळसर पाण्याची महानदी वाहत होती. तिच्या खालच्या अंगाला उसाचे मळे होते आणि त्या मळ्यांत आफ्रिकेहून गलबतांत कोंबून आणलेले दास राबत. धन्यांनी एका भाषेची माणसे मुद्दामच एका ठिकाणी ठेवली नव्हती. जे साखळ्या तोडून अरण्यात पळाले ते वाचले खरे, पण एकाचे बोलणे दुसऱ्याला कळेना. एकाने पाणी मागावे आणि दुसऱ्याने कोयता उगारावा, अशी दशा झाली.

तेव्हा पोटची पोर मळ्यात सोडून आलेली याबा नावाची स्त्री गगनचुंबी शाल्मलीच्या मुळाशी धरणे धरून बसली. तिचा निग्रह पाहून वृक्षनिवासिनी वनमाता प्रकट झाली.

"प्रत्येकाने आपापले शब्द माझ्या पायांशी ठेवावेत."

कोणी आईसाठीचा शब्द ठेवला, कोणी पावसासाठीचा. एकाने तर धन्याच्या तोंडून उचललेला कुऱ्हाडीचा शब्दही आणून टाकला. वनमातेने त्या साऱ्यांची एक वाणी विणली आणि म्हणाली, "ही तुमची. हिच्यातून जो साद घालील, तो तुमचा. त्याला ओ द्या. ज्या दिवशी ऐकून गप्प राहाल, त्या दिवसापासून मीही तुम्हांला ओ देणार नाही."

पुढे मीठ लुटण्यासाठी मळ्यांवर जाणाऱ्या माणसांबरोबर याबा ती वाणी मळ्यात राहिलेल्या आपल्या लेकीला, आबेनीला, थोडीथोडी पाठवू लागली. कधी नदीचे नाव, कधी वाटेच्या खुणा आणि शेवटी "ये".

पण धन्यांच्या फौजा भाताची खाचरे पुन्हा पुन्हा जाळत. कंद खाऊन लेकरांची अंगे सुजली. अखेर तह ठरला : अरण्य तुमचे, मात्र यापुढे जो पळून येईल, तो आमच्या हवाली करायचा. वस्तीचा नायक क्वाकू, याबाचा भाऊ, याने मनगटावर सुरी ओढली. भोपळ्याच्या कटोऱ्यात दोन्ही पक्षांचे रक्त मिसळले आणि सर्वांनी घोट घेतला. याबानेही घेतला. 'पोरीला येऊ नको असा निरोप धाडीन,' असे तिने मनाशी धरले होते. पण तहाबरोबर मिठाच्या गोण्या भेट आल्या आणि मळ्यांची वाट बंद झाली. निरोप तिच्या तोंडातच राहिला.

एका दुपारी पैलतीराहून साद आली, अरण्याच्या वाणीत.

"आई गं! मी आबेनी! होडी आण की! इतकी वर्षे झाली, अजून वल्हे धरता येत नाही होय तुला?"

आणि ती हसली.

धन्यांचा वकील वस्तीतच तळ देऊन होता. तो सावकाश उठला. "नायक, ही कोण? तुमच्या भाषेत ओरडते आहे."

क्वाकू बहिणीजवळ येऊन पुटपुटला, "ताई, ओ देऊ नकोस. पुन्हा खाचरे जळतील. ही पोरे बघ."

"तुझी भाची आहे ती, क्वाकू."

"ठाऊक आहे मला." मग वकिलाकडे वळून तो मोठ्याने म्हणाला, "आमची नव्हे."

याबाने वल्हे उचलले होते. मागे खाचरांत भात पोटरीला आला होता आणि बांधावर पोरे उभी होती. तिने वल्हे खाली ठेवले.

"आई, ऐकू येतंय ना? चुकीचं बोलले का मी?"

कोणीही बोलले नाही. वकिलाचे शिपाई होडी घेऊन पलीकडे गेले. आबेनी पळाली नाही; होडी आईनेच धाडली, असे तिला वाटले.

त्या संध्याकाळी याबा शाल्मलीखाली गेली आणि घसा फुटेस्तोवर हाका मारीत राहिली. वृक्षाचे पानही हलले नाही.

ती वाणी मेली नाही. त्या नदीकाठी पोरे तिच्यातच भांडतात, म्हाताऱ्या तिच्यातच रडतात. शाल्मलीच्या मुळाशी पाणी ओतून वस्तीतली वडीलधारी स्त्री आजही वनमातेला हाक मारते. मग सगळे श्वास रोखून उत्तरापुरती जागा सोडतात आणि थोड्या वेळाने रिकामा कटोरा उचलून कामाला लागतात.