डाव्या हाताचं लग्न

टिलेनबुर्ग हे युरोपातलं जेमतेम बारा गावांचं संस्थान, पण तिथल्या राजपुत्राला किताब मात्र सतरा! आणि तो निघाला ओटिलीशी लग्न करायला, राजवाड्याचे हातमोजे शिवणाऱ्या-धुणाऱ्या पोरीशी. दरबारात नुसता गहजब!

भर चर्चमध्ये दरबारप्रमुख बॅरन क्रुम्प छाती काढून पुढे झाला. "राजपुत्र, डावा हात द्या! सामान्य घरातली नवरी डाव्या हातानेच वरायची, असा रिवाज आहे. म्हणजे तिला किताब नाही, मुलांना गादी नाही. डाव्या हाताने दिलेलं या राज्यात ग्राह्य धरत नाहीत!"

समोर बसलेल्या म्हाताऱ्या ड्यूकमहाराजांकडे ओटिलीची नजर गेली आणि तिला एकदम सुचलं.

"बॅरनसाहेब, तुमचा किताब कुणी दिला?"

"खुद्द महाराजांनी! स्वतः सही करून!"

"कुठल्या हाताने? नऊ वर्षं मी महाराजांचे हातमोजे धुतेय. शाईचा डाग कायम डाव्याच मोज्याला असतो."

महाराज खो खो हसत सुटले आणि त्यांनी आपला डावा हात उंच करून सगळ्यांना दाखवला.

बॅरन पांढराफटक पडला. मग तोच सगळ्यांच्या वर आवाज काढून ओरडला, "उजवा! राजपुत्र, उजवा हात द्या!"