केरबाने सांभाळलेलं नगर

एका गावात एक भोळा भाऊ होता. त्याचं नाव केरबा. त्याची थोरली बहीण मैनाअक्का शाळेत शिकवायची. संगणकावरच्या खेळात चार वर्षं खपून तिने एक नगर वसवलं होतं. त्यातल्या एका म्हातारीला तिने आपल्या गेलेल्या आईचं नाव दिलं होतं. गोदाबाई.

नगरात तापाची साथ आली. गोदाबाईही तापली. नेमकं तेव्हाच अक्काला तीन दिवस प्रशिक्षणाला जावं लागलं.

"केरबा, आईला जपायचं बरं का. अभ्यासिकेत चाळीस विद्वान औषध शोधतायत. या खेळात विद्या पुस्तकात राहत नाही. विद्वान बसलेत तोवर ती आहे, उठले की गेली. म्हणून जागा रिकामी दिसली की माणूस आणून भर."

"भरतो, अक्का."

केरबाने पाहिलं. अभ्यासिका भरलेली होती. दवाखान्यात मात्र अकरा खाटा रिकाम्या. त्याने नगरातले अकराच्या अकरा भटारी आणून तिथे निजवले. दुपारपर्यंत ते सगळे तापले. नगरात पाव मिळेना.

अक्का फोनवर ओरडली, "अरे येड्या! आजाऱ्यांजवळ धडधाकट माणूस ठेवतात का? बाहेर काढायचा!"

"काढतो, अक्का."

दुसऱ्या दिवशी केरबाने दवाखाना धुंडाळला. धडधाकट असा एकच माणूस सापडला. तो वैद्य होता. केरबाने त्याला वेशीबाहेर नेऊन सोडलं.

"वैद्याला काढलास?" अक्काला रडावं की हसावं कळेना. "ज्याला औषध माहीत आहे, तो आजाऱ्याच्या उशाशी नको का?"

"हे आधी सांगायचंस ना!" केरबा म्हणाला. त्याने वैद्याला परत आणलं, माफीही मागितली.

तिसऱ्या दिवशी दुपारी अभ्यासिकेची घंटा वाजली. औषध सापडलं! केरबा विचारात पडला. औषध कुणाला माहीत आहे? वैद्याला तर अजून पत्ताच नाही. मग त्याने जे करायचं ते केलं.

अक्काचा फोन आला. "सापडलं का रे?"

"सापडलं! आता काळजीच सोड. आईच्या उशाशी चाळीसच्या चाळीस विद्वान उभे आहेत."

"उभे?"

"हो ना. त्यातला एक आईला विचारतोय, 'आजी, आम्ही इथे कशाला आलो होतो?'"