वेशीवरची साळुंकी आणि 'आज दिवस आहे'

फार पूर्वी, पाखरांना माणसांची भाषा येत होती आणि माणसांना ती ऐकायला सवड होती, तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठी एक मोठं शहर होतं. तिथे दिवे लावून सण करणारे लोक होते, चंद्र पाहून सण करणारे होते आणि तारा उगवला की गाणी म्हणणारेही होते. सणांना तोटा नव्हता आणि गोडाधोडालाही नव्हता.

शहराच्या वेशीवर एक साळुंकी राहायची. पाखरू भारी चौकस. कुणाच्या घरी काय शिजतंय, कुणाचं लेकरू कुणावर गेलंय, सगळी खबर तिला हवी. ज्यांचा सण असेल त्यांच्या शुभेच्छा ती येणाऱ्या-जाणाऱ्याला द्यायची. कधी 'दिवे उजळोत', कधी 'चंद्र लाभो', कधी 'तारा वाट दाखवो'. ऐकणारा हसून पुढे जाई. सण आपला की परका, हे कुणी विचारत नसे.

मग एके वर्षी दोन पुढाऱ्यांना ते विचारायचं सुचलं. दिवेवाल्यांचा पुढारी राजाकडे गेला आणि म्हणाला, साळुंकी चंद्राचं नाव जरा जास्तच मोठ्याने घेते. दुसऱ्या दिवशी चंद्रवाल्यांचा पुढारी गेला आणि म्हणाला, दिव्यांचं नाव ती दोनदा घेते. दोघांच्याही मागे माणसं जमली, घोषणा झाल्या. राजाची इकडे आड, तिकडे विहीर अशी गत झाली. शेवटी कुणालाच दुखावणार नाही असा हुकूम त्याने काढला. सणासुदीला साळुंकीने फक्त 'आज दिवस आहे' एवढंच म्हणावं. दुसरं काही बोलली तर पिंजरा.

साळुंकी तसं म्हणू लागली. बाजाराला निघालेले लोक म्हणत, ते आम्हालाही दिसतंय बाई.

पण तिला एका गोष्टीचं नवल वाटे. हुकूम तर तिच्यापुरता होता. मग गल्लीबोळातली माणसं का गप्प झाली? वेशीवरच्या पाखराला मनाई, तिथे आपण कोण, असं म्हणून जो तो दार लावून बसू लागला. चंद्राचा सण आला, तरी दिव्यांच्या आळीतून कुणी शुभेच्छा द्यायला गेलं नाही. आपण यांना नकोसे झालो, असं चंद्रवाल्यांनी मनाला लावून घेतलं.

पुढे दिव्यांचा सण उजाडला. साळुंकीला राहवेना. ती वेस सोडून उडाली आणि दिवेवाल्यांच्या पुढाऱ्याच्याच छपरावर जाऊन बसली. ज्याने तक्रार केली तो तरी सुखात आहे का, हे तिला पाहायचं होतं.

आत पानं वाढलेली होती. पण पुढाऱ्याची म्हातारी आई पानाला हात लावत नव्हती. समोरच्या घरात एक चंद्रवाली शेजारीण राहायची. सगळी आळी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणे. दर सणाला खाला सगळ्यांत आधी यायची, शुभेच्छा द्यायची आणि मगच म्हातारी पहिला घास घ्यायची. म्हातारी लग्न होऊन या घरात आली, तेव्हापासूनचा हा रिवाज होता.

आता कुणी येत नसतं, जेवून घे, असं मुलाने परोपरीने सांगितलं.

"सण आहे हे मला ठाऊक आहे रे," म्हातारी म्हणाली. "पण तो तिलाही ठाऊक आहे, हे ऐकल्याशिवाय घास उतरत नाही."

दुपार कलली. साळुंकी समोरच्या खिडकीत गेली आणि पाहतच राहिली. खाला बंद दाराच्या आत उभी होती. हातात शेवयांचं ताट, वर रुमाल झाकलेला. कडीला हात लावायची आणि मागे फिरायची. गेलं तर लेकाला राग येईल आणि नाही गेलं तर माय उपाशी राहील, असं स्वतःशीच पुटपुटत होती.

मध्ये फक्त एक अरुंद गल्ली होती. दोन्ही घरांतलं दिसत होतं ते एकट्या साळुंकीला, आणि तिलाच बोलायची बंदी. पिंजरा तिला आठवला. तरी ती पुढाऱ्याच्या ओट्यावर उतरली.

"दिवे उजळोत," ती म्हणाली. "मला पिंजऱ्यात घालायचं तर खुशाल घाला. पण आधी समोरचं दार वाजवा. तुमच्या रागाला भिऊन खाला ताट घेऊन आत उभी आहे."

पुढाऱ्याने समोरच्या दाराकडे पाहिलं. त्याच घरच्या शेवया खाऊन तो लहानाचा मोठा झाला होता. त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने गल्ली ओलांडून कडी वाजवली. खालाने दार उघडलं.

"खाला, तुमच्या सणाला मी आलो नाही," तो कसाबसा म्हणाला. "आई तुमच्यासाठी जेवायची थांबली आहे."

"दिवे उजळोत, बेटा," खाला म्हणाली. "आता वाटेतून बाजूला हो. शेवया गार झाल्यात."

त्याच संध्याकाळी पुढाऱ्याने राजाकडे जाऊन तक्रार मागे घेतली. मागोमाग चंद्रवाल्यांचा पुढारीही आला. त्याच्याही घरी कुणीतरी ताटकळलं असणार. राजाने सुटकेचा श्वास सोडला आणि हुकूम रद्द केला. साळुंकीसाठी पिंजरा तयार होता, त्याचं दार काढून तो वेशीवर टांगला. साळुंकी त्यात आपले दाणे ठेवू लागली.

त्या शहरात अजूनही कुणी पुष्कळ बोलून काहीच सांगत नसला, की लोक म्हणतात, याचं आपलं 'आज दिवस आहे'.

तात्पर्य : आपला सण आपल्याला ठाऊकच असतो, पण शेजाऱ्याने तो आठवला तरच तो गोड होतो.