शिट्टीवाल्या गुरुजींचा दोर

फार वर्षांपूर्वीची, म्हणजे खैरदऱ्याच्या आजच्या म्हाताऱ्यांचे आजे जेव्हा चड्डी सावरत हिंडत होते, तेव्हाची ही गोष्ट. शेवती नदीच्या अलीकडे खैरदरा होतं आणि पलीकडे उरलेलं सगळं जग. मधे एक तराफा. दर मंगळवारी त्या तराफ्यावरून व्यापारी यायचे, बाजार भरायचा, आणि गावाच्या चुली त्या बाजारावर पेटायच्या. पोरं शाळेत चार बुकं शिकायची आणि मिसरूड फुटलं की त्याच तराफ्यावर बसून मुंबईच्या गिरणीत जायची. गेलेलं पोर शिमग्याला तेवढं दिसायचं, तेही नव्या टोपीत.

त्या शाळेत केरोबा गुरुजी आले. अंगाने काडी, पण आवाज असा की दारातलं कुत्रं उठून बसावं. गळ्यात निळा रुमाल आणि पितळी शिट्टी. असं म्हणतात, ती शिट्टी वाजली की डोंगरातली गुरंसुद्धा रांगेत चालायची. गुरांचं काय ते गुराख्यांना ठाऊक, पण पोरं रांगेत चालायची हे खरं.

गुरुजींनी स्काऊटचं पथक काढलं. गाव त्यांना म्हणायचं शिट्टीची पोरं. ही पोरं भेटली की एकमेकांशी डावा हात मिळवायची. म्हाताऱ्यांनी कपाळाला हात लावला. "डावा हात कशाचा असतो, हे या मास्तराला कुणी सांगितलं नाय व्हय?" गुरुजी हसून म्हणायचे, "काळजाच्या जवळचा हात आहे, म्हणून मिळवायचा." तरी बायका पोरांना घरी आल्यावर दोनदा हात धुवायला लावायच्या.

सुट्टी लागली की गुरुजी पोरांना घरोघर पाठवायचे. "काही काम आहे का?" एवढंच विचारायचं, सांगतील ते चोख करायचं, आणि देतील ते पथकासाठी आणायचं. याला नाव होतं खरी कमाई. कुणी गोठा झाडला, कुणी वर चढून गवताने छप्पर शाकारलं. तात्याबा पाटलाच्या शिवरामाने तर कुंभाराची माती तुडवली. पाटील तावातावाने शाळेत आले.

"गुरुजी, माझं पोर दारोदार भीक मागत फिरतंय!"

"भीक मागणारा आधी हात पुढं करतो, पाटील. यानं आधी माती तुडवली."

पाटील तणतणत गेले. गुरुजी मात्र शांत होते, कारण त्यांना सलत होतं ते वेगळंच. ज्या हातांना ते बाराखडी गिरवायला शिकवत, तेच हात एक दिवस तराफ्यावरून निरोपाला हलत. पोरांना लिहिता येई, वाचता येई, पण इथे राहून आपण काही उभं करू, हे त्यांच्या डोक्यातच येत नसे. ते त्यांच्या डोक्यात घातल्याशिवाय हे गाव सोडायचं नाही, असं गुरुजींनी मनाशी पक्कं केलं होतं.

गावाच्या बांधाबांधावर घायपात माजलेली होती. तिच्या पानांतला वाख, म्हणजे धागा, काढून दोर वळायचं काम गावात एकट्या महादूबाचं, आणि त्याचं घर गावाबाहेर. गुरुजींनी अख्खं पथक महादूबाच्या अंगणात नेऊन बसवलं. वर महादूबाच्या पोरीला, रंगूला, पथकाची नायक केलं. मग काय विचारता! अर्ध्या घरांनी पोरं काढून घेतली. गुरुजी रोज सकाळी त्या दारांसमोर उभे राहून शिट्टी वाजवत. पोरं बापाचा मार खात आणि परत येत.

अंगणात गुरुजींचा एकच नियम होता. जो गाठ मारेल, त्यानेच तिला पहिलं लटकायचं. "आधी तू लटक, मग दुसऱ्याला बोलाव," असं ते म्हणायचे. आंब्याच्या फांदीला दोर, आणि खाली मुद्दाम टाकलेला ताज्या शेणाचा ढीग. त्यामुळे पोरं गाठी फार लवकर शिकली.

मग ते साल आलं. शेवती अशी फुगली की तराफा, त्याचा खुंट आणि नावाड्याची झोपडी, सगळं घेऊन गेली. एक मंगळवार सुना गेला, दुसराही गेला. तेव्हा पलीकडच्या काठावरून एक व्यापारी ओरडला, "येत्या मंगळवारी यायला वाट केलीत तर ठीक, नाहीतर बाजार इकडंच, माळावर भरवू!" एकदा बाजार हलला की खैरदरा रिकामं व्हायला वेळ लागणार नव्हता. चावडीवर माणसं डोकं धरून बसली.

गुरुजींनी शिट्टी वाजवली.

त्या आठवड्यात महादूबाच्या अंगणात दिवस मावळल्याचं कुणाला कळलं नाही. महादूबाने जपून ठेवलेला सगळा वाख बाहेर काढला, तो संपला तशी पोरं नवी पानं कापून आणू लागली. असं म्हणतात, संध्याकाळी कापलेल्या घायपातीला सकाळी पुन्हा तेवढीच पानं फुटलेली असत. दोर तयार झाले तेव्हा त्यांची टोकं दातात धरून गुरुजी पुरात उतरले. नदीने त्यांना वाट दिली असं म्हणतात. दिली की नाही ते नदीलाच माहीत, पण पलीकडे पाण्याबाहेर आले तेव्हा गळ्यातला रुमाल कोरडा होता, असं शपथेवर सांगणारी घरं अजून आहेत. पलीकडच्या गाठी गुरुजींनी स्वतः मारल्या, त्यांना स्वतः लटकले, आणि दोर धरूनच अलीकडे आले.

मंगळवार उजाडला. दोरांवर बांबू बांधून पूल झाला होता. पलीकडे व्यापारी ओझी घेऊन उभे होते. अलीकडच्या काठावर तात्पुरते खुंटांना गुंडाळलेले दोन थोरले दोर आता दोन जांभळाच्या झाडांना पक्के बांधायचे होते, एक रंगूने आणि एक शिवरामाने. रंगूने गाठ मारली, कमरेला जपणुकीचा दोर बांधून त्याचं टोक पोरांच्या हाती दिलं आणि थोरला दोर धरून कडेवरून पाण्यावर लटकली. गाठ हलली नाही. शिवरामाचीही गाठ मारून झाली. आता त्याची लटकायची पाळी.

पाटलांनी त्याचं मनगट धरलं. "पाटलाचं पोर गावादेखत दोराला लटकायचं नाय."

"मग या पुलावर कुणी पाय ठेवायचा नाही," गुरुजी म्हणाले, आणि पुलाच्या तोंडाशी मांडी घालून बसले.

एकच गलका झाला. "उठा गुरुजी, यापारी चालले!" "ह्या मास्तराच्या हट्टापायी गाव बुडणार!" पलीकडून आरोळी आली, "येऊ का जाऊ?" कुणी तरी ओझं पुन्हा बैलावर चढवायला लागलं.  बाजार आज गेला तर तो आपण घालवला असंच गाव म्हणेल, आणि त्यात खोटं काही नसेल, हे गुरुजींना कळत होतं. पण ते उठले नाहीत.

तेवढ्यात शिवरामाने हिसका देऊन हात सोडवला, कमरेला दोर घेतला आणि कडेवरून अंग खाली झोकून दिलं.

गाठ सुटली.

बाप बघतोय म्हणून घाई झाली होती, आणि ओल्या, कोऱ्या दोराला एक वेढा कमी पडला होता. शिवराम पाण्यात गेला. रंगूने आणि पोरांनी पाय रोवून जपणुकीचा दोर ओढला, तेव्हा तो खोकत खोकत वर आला.  ओझं घेऊन माणूस पुलावर असता तर काय झालं असतं, हे कुणाला सांगावं लागलं नाही.

शिवराम रडला नाही. "माझा एक वेढा राहिला होता," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. त्याने दोर पुन्हा ओढून घेतला, गाठ नव्याने मारली आणि पुन्हा लटकला. गाठ बसली ती बसलीच.

मग तात्याबा पाटील पुढे झाले. डोक्यावरचं पागोटं काढून त्यांनी जवळच उभ्या असलेल्या महादूबाच्या हातात दिलं, आणि पोराच्या गाठीला स्वतः लटकले. भारदस्त माणूस, जांभूळ करकरलं! वर येऊन त्यांनी पलीकडे हाक मारली, "या आता! बिनघोर या!"

त्या दिवशी बाजार दिवेलागणीपर्यंत चालला.

पुढे रंगू आणि शिवरामाने काठावर दोरांचा कारखाना घातला. पथकातलीच पोरं वाढून कुणी गाड्या बांधू लागली, कुणी खोगिरं शिवू लागली, कुणी खाटा. खाटवाला गिऱ्हाइकासमोर आधी स्वतः खाटेवर उड्या मारायचा, मगच भाव सांगायचा. खैरदऱ्याचा माल म्हटलं की बाहेरचा माणूस तपासत बसत नसे. गिरणीत गेलेली माणसंही एकेक करून परतली, आणि या खेपेला टोपी दाखवायला नव्हे.

गुरुजींची बदली झाली तो दिवसही मंगळवारच होता. पुलाच्या मध्यावर थांबून त्यांनी शिट्टी वाजवली, डावा हात वर केला आणि पुढे चालू लागले. पलीकडे उतरताना त्यांना कुणी पाहिलं नाही, असं म्हणतात. पण शेवतीला पूर यायच्या आधी काठावर शिट्टी ऐकू येते, आणि ती ऐकून गुरं आपली आपण वर चढतात.

आता तिथे सिमेंटचा पूल आहे. तरी खैरदऱ्यात नवं दुकान निघालं की मालक चौकटीला दोर बांधतो, स्वतःच्या गाठीला लटकतो, शाळेतली पोरं शिट्टी वाजवतात, आणि मग गिऱ्हाईक आत पाऊल टाकतं. मध्यंतरी बाहेरगावच्या एकाने मोबाईलचं दुकान थाटलं. "मी काय दोर विकतो का?" म्हणाला, आणि लटकला नाही. दिवसभर त्याच्या दारात माणसं जमली, आत कुणी गेलं नाही. शेवटी निळा रुमाल घातलेली एक शाळकरी मुलगी दोर घेऊन आली. तिने तो चौकटीला बांधला, लटकून दाखवलं, गाठ सोडली आणि दोर त्याच्या हातात दिला.

"माझी झाली, काका. आता तुम्ही बांधा."

पहिल्यांदा तो धपकन पडला. कुणी हसलं नाही. दुसऱ्यांदा त्याने एक वेढा जास्त दिला, लटकला, आणि गाठ राहिली. शिट्टी वाजली. तेव्हा सकाळपासून उंबऱ्याबाहेर उभं असलेलं पहिलं गिऱ्हाईक आत आलं आणि त्याने डावा हात पुढे केला.