फ्रीजला घातलेली वाकळ

एका गावात एक घर होतं आणि त्या घराला चाकं होती.

भरतेश नावाच्या माणसाने ते बांधलं होतं. ट्रक-टेम्पोच्या बॉड्या बांधण्याचा त्याचा धंदा. त्याने एक जुनी मिनीबस घेतली, आतल्या खुर्च्या काढल्या आणि त्या जागी दोन पलंग, छोटा ओटा आणि बॅटरीवर चालणारा फ्रीज बसवला. गाव तिला मोटारघर म्हणू लागलं.

हा सगळा खटाटोप चिनूसाठी होता. भरतेशची ही मुलगी सहा वर्षांची होती आणि तिला मधुमेह होता. एवढ्या लहान पोरीला कसा, असं विचारताना लोकांचे डोळे अजूनही विस्फारत. चिनूला रोज इन्सुलिनची इंजेक्शनं लागत आणि जवळच्या जादा बाटल्या गार ठेवाव्या लागत. त्यामुळे ती कधी लांब कुठे गेली नव्हती. तिला समुद्र बघायचा होता. डॉक्टर म्हणाले, "खुशाल जा. बाटल्या फक्त दोन ते आठ अंशांच्या मध्ये ठेवा. एवढं सांभाळा."

एवढं सांभाळायचं काम चिनूच्या आईकडे, हेमांगीकडे आलं.

हेमांगी शिकलेली होती. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी., पहिला वर्ग. पण शिक्षणाने काळजी कमी होते असं नाही. काळजीला नवी नवी कारणं तेवढी सापडतात. भर मे महिन्यात चिनूच्या कानांवर लोकरीची टोपी असे आणि पायांत मोजे. आपण जरा जास्तच करतो का, अशी शंका हेमांगीला अधूनमधून यायची. मग त्या शंकेचीही तिला काळजी वाटायची.

तिच्या सासरी एक रीत होती. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून सासूबाई जाड गोधडी शिवत. तिला तिकडे वाकळ म्हणतात. घरात नवी वस्तू आली की तिच्यावर वाकळ पडायचीच. शिवणयंत्रावर, मिक्सरवर, टीव्हीवर. उन्हाळ्यात माठालाही ओलं फडकं गुंडाळलेलं असे.

निघायच्या आदल्या दिवशी हेमांगीने फ्रीजमागचं कपाट उघडलं आणि ती दचकली. गाडीच्या पत्र्याला तिथे दोन जाळ्या होत्या, एक खाली, एक वर. त्यांतून धूळ येत होती, ऊन येत होतं आणि खालच्या जाळीतून एक पाल तिच्याकडे बघत होती.

"बाई गं! इथून तर सगळा गारवा निघून जाईल!"

जाळ्या भरतेशने मुद्दाम ठेवल्या होत्या. पण त्याला विचारलं तर तो हसेल, असं तिला वाटलं. तिने एक वाकळ पाण्यात भिजवली, दुहेरी केली आणि फ्रीजच्या मागे गच्च कोंबली. दोन्ही जाळ्या बंद झाल्या. पाल गेली. त्या रात्री हेमांगीला झोप लागली, आणि असं क्वचित व्हायचं.

सकाळी सासूबाईंसकट चौघं निघाली. पहिल्या थांब्यावर हेमांगीने फ्रीज उघडला. आतलं थर्मामीटर दहा अंश दाखवत होतं. तिने फ्रीजचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि कुणाच्या नकळत मागे आणखी एक वाकळ खुपसली.

"आई, मला गरम होतंय," चिनू म्हणाली.

"टोपी काढू नकोस. वारं लागेल."

दुसऱ्या थांब्यावर एकोणीस. हेमांगीने वाकळांवर पाण्याची बाटली ओतली.

तिसरा थांबा घाटाच्या पायथ्याशी होता. तिथे तिने दार उघडलं आणि ती जागच्या जागी थिजली. तेहतीस! समोरच्या चहाच्या टपरीवरचा माठसुद्धा याहून गार असेल. आमरसाचं पातेलं फसफसत होतं, ताकाचं झाकण उडालं होतं आणि दारातल्या कप्प्यात इन्सुलिनच्या तीन बाटल्या कोमट पडल्या होत्या.

"अहो! बघा तुमचं काम! ट्रक बांधता तसाच फ्रीज बसवलाय!"

भरतेशचा चेहरा उतरला. "अगं, मी चार वेळा चालवून बघितलाय. पाच अंशांवर ठरत होता."

"मग आता काय त्याला भूत लागलं?"

त्याने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "त्या बाटल्या वापरू नका. तालुक्याला नव्या मिळतील. पण फ्रीज सुधारत नसेल तर सरळ माघारी फिरा."

माघारी हा शब्द चिनूने ऐकला. टोपीच्या आत तिचं तोंड एवढंसं झालं.

टपरीशेजारी एक गॅरेज होतं. तिथले दस्तगीर मिस्त्री हात पुसत आले. त्यांनी बाहेरून जाळीवर तळवा धरला. मग भुवया उंचावल्या.

"वारा नाही इथं. फ्रीजच्या मागं कुणी हात लावलाय?"

"मी नाही," भरतेश म्हणाला.

"नाही," हेमांगीही म्हणाली. आणि तिला ते खरंच वाटलं. हात लावणं वेगळं, पांघरूण घालणं वेगळं.

मिस्त्रींनी आत जाऊन कपाट उघडलं, हात घातला आणि ओरडून बाहेर काढला. बोटं भाजली होती. मग पक्कड घालून त्यांनी ओढायला सुरुवात केली. एक वाकळ निघाली. तिच्यातून वाफा येत होत्या. पाठोपाठ दुसरी निघाली. मिस्त्री त्या दोन्हींकडे बघतच राहिले.

"अहो, फ्रीजचं बाळंतपण चाललंय का इथं?"

कुणी हसलं नाही. भरतेश वाकळांकडे बघत होता. हेमांगीला तेव्हा कळलं. फ्रीजला लागलेलं भूत तीच होती.

"ताई," मिस्त्री समजावू लागले, "फ्रीज काही गारवा बनवत नाही. आतली उष्णता उचलतो आणि मागनं बाहेर टाकतो. खालच्या जाळीतनं हवा घ्यायची, वरच्या जाळीतनं गरम हवा सोडायची. बाहेर टाकायची वाटच बुजवली तर तो काय करणार? तापून तापून मोटर बंद पडली, निवली की चालेल. माठाला फडकं चालतं. माठाला मोटर नसते."

भरतेश त्या टाक्यांकडे बघत होता. टाके त्याच्या आईचे होते. ते सगळ्या घराला ओळखू यायचे.

सासूबाई पुढे झाल्या. "मीच घातल्या रे. मला म्हातारीला काय कळतंय यातलं."

"आई, तू पण ना!" भरतेश चिडून म्हणाला. "पोरीच्या जिवाशी खेळ झाला असता!"

सासूबाईंनी ते कपाट उघडलंसुद्धा नव्हतं. थर्मामीटरवरच्या तेहतीसच्या आकड्यानेही हेमांगीला एवढा धक्का बसला नव्हता. आता नुसतं गप्प राहिलं की झालं. कुणाला काही कळणार नव्हतं. सासूबाई मान खाली घालून उभ्या होत्या आणि लेकाची बोलणी खात होत्या.

हेमांगी सासूबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"आत्यांनी नाही घातल्या. मी घातल्या," ती म्हणाली. "दोन्ही मीच. वर पाणीही ओतलं. आणि मिस्त्रींना नाही म्हणून सांगितलं, तेही मीच."

भरतेशचं तोंड उघडंच राहिलं. "अगं, तू? बी.एस्सी.?"

"उष्णतेच्या प्रकरणात पैकीच्या पैकी गुण होते," हेमांगी म्हणाली. "पेपरात." आणि ती रडायला लागली.

सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "पुरे आता. वाकळ माझीच होती ना? मग अर्धी चूक माझी."

"आत्या, तुम्ही का बरं घेतलं अंगावर?"

"मी म्हातारी आहे. मला रागावून तो विसरेल. तुला रागावला असता तर तू वर्षभर झोपली नसतीस."

मग मिस्त्री कामाला लागले. जाळ्या झाडून घेतल्या. वरच्या जाळीला आतून हाताच्या पंजाएवढा पंखा बसवला, गरम हवा बाहेर ढकलायला. गाडी फिरवून जाळ्यांची बाजू चिंचेच्या सावलीत आणली. फ्रीज उघडून ते म्हणाले, "आत एसटीसारखी गर्दी केलीय. हवा फिरणार कुठनं?" आमरसाचं पातेलं, अर्धा भोपळा, कोथिंबिरीच्या तीन जुड्या, सगळं बाहेर आलं. आमरस फुकट गेला. बाकीचं टपरीवाल्याने घेतलं.

"आणि गरम डबा आत ठेवायचा नाही. दार सारखं उघडायचं नाही. प्रवासाच्या आदल्या रात्री रिकामाच चालू करून ठेवायचा."

"दार उघडून बघायचंच नाही?" हेमांगीने घाबरून विचारलं.

"तासातासाला नाही, ताई. तो पळून जात नाही."

मिस्त्रींची मोटारसायकल घेऊन भरतेश तालुक्याला गेला. हेमांगी फ्रीजसमोर हाताची घडी घालून बसली. दार उघडायचं नव्हतं, म्हणून मिस्त्रींनी थर्मामीटरची वायर तेवढी आत ठेवून आकड्यांचा डबा बाहेर काढून दिला होता. सव्वीस. अठरा. अकरा. तिचा विश्वास बसेना. नवीन काहीच घातलं नव्हतं, एक तळहाताएवढा पंखा सोडला तर. घातलं होतं ते फक्त काढलं होतं.

भरतेश बर्फाच्या डब्यातून नव्या बाटल्या घेऊन आला तेव्हा आकडा पाचवर ठरला होता. चिनूच्या संध्याकाळच्या इंजेक्शनला अजून वेळ होता. बाटल्या आत गेल्या. माघारी फिरायचं कारण उरलं नाही. दोन्ही वाकळा वाळवून भरतेशने गाडीच्या पुढच्या काचेला आतून लावल्या, ऊन अडवायला. गाडी उभी असताना तिथे त्या चालत होत्या.

चिनू हे सगळं टक लावून बघत होती. ती आईजवळ आली.

"आई, फ्रीजला केव्हापासून गरम होत होतं?"

"सकाळपासून गं."

"पण त्याला सांगता येत नव्हतं."

"हो ना. त्याला कुठे बोलता येतं?"

"मला येतं," चिनू म्हणाली. "मी चार वेळा सांगितलं."

हेमांगी दचकली. तिने हात पुढे केला आणि लोकरीची टोपी काढली. आतले केस घामाने चिंब होते, कपाळावर टोपीच्या काठाचा लाल वळ उठला होता. मोजे काढले तर तेही ओले. ती किती तरी वेळ त्या इवल्या टोपीकडे बघत राहिली. टोपी हातात गरम लागत होती, मघाच्या वाकळेसारखी.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिनू समुद्रावर उघड्या डोक्याने धावली. हेमांगी तीन वेळा उठली आणि तीनही वेळा परत खाली बसली.

तात्पर्य: ज्याला जपायचं त्याचा श्वास आपल्या काळजीने कोंडू नये, आणि चूक आपल्या हातची असेल तर ती दुसऱ्याने अंगावर घेण्याआधी आपणच बोलून टाकावी.