धुक्यातले वाटे

“नियम सगळ्यांना सारखा असला, तर त्यात अन्याय शिरेल कुठून, बाबा?”

गुलाबशा फकीर उंडीच्या झाडाखाली बसले होते. समोर सकाळचं धुकं. दर्या कुठे संपतो नि आभाळ कुठे लागतं, काही कळत नव्हतं.

विचारणारा जयवंत कोयंडे. याच गावचा पोर, बाबांच्या पायाशी बसून वाढलेला. आता मोठा वकील. दर्यातल्या मासळीबद्दल देशादेशांचा करार व्हायचा होता, त्याचा मसुदा जयवंतच्या हातचा. आपलं सरकार त्याच्याच शब्दावर सही करणार होतं. त्या बैठकीला जायला संध्याकाळी त्याचं विमान होतं.

“सांग तरी, काय लिहिलंस.”

“यापुढे कुठल्याही सरकारनं आपल्या मच्छीमाराला होडीसाठी, तेलासाठी मदत द्यायची नाही. देश लहान असो, मोठा असो.”

“आणि ज्यांची मोठमोठी जहाजं मदतीवरच बांधून झाली?”

“ते झालं गेलं. नियम पुढचं बघतो.”

“तुझ्या आत्याची होडी...”

द्वारकाआत्यानंच जयवंतला वाढवलं होतं. तिच्या मुलाची होडी त्या मदतीवरच पाण्यात उतरायची, हे काय त्याला ठाऊक नव्हतं?

“आत्याकडे बघून कायदा लिहिता येत नाही, बाबा. न्यायाला डोळे नसावेत.”



धुक्यातून हाका आल्या, तसे दोघे किनाऱ्याकडे निघाले. रापण किनाऱ्याला लागत होती. रापण म्हणजे लांबच लांब जाळं. सारा गाव मिळून ते दोरीनं ओढतो आणि मासळी वाटून घेतो. माणसं झोपेत चालावीत तशी मागे मागे येत होती. दोरी दिसत होती, जाळं दिसत नव्हतं.

“काय रे जयवंता, दोरी ओढतस काय नुसतोच बघतस?” आत्यानं विचारलं.

“बूट भिजतले त्याचे,” कुणीतरी म्हणालं. धुक्यातच हसू पसरलं.

जयवंतनं बूट काढले आणि दोरी धरली.

पेडव्यांची, त्या बारीक चंदेरी मासळीची, रास वाळूवर चमकली. म्होरक्या भिकाजी तांडेल, त्यानं वाटे मांडले. सगळे सारखे. आता गावाची रीत अशी, की एकानं वाट्यांकडे पाठ करून बसायचं. दुसरा एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारतो, हा कोणाचा? पाठमोऱ्यानं नाव घ्यायचं. दिसतच नाही, तर तो बाजू घेणार कुणाची?

“आज जयवंत बसू दे,” बाबा म्हणाले.

जयवंत खुशीत बसला. “बघा बाबा, हाच माझा नियम. इथूनच तर नेला मी.”

बाबांनी त्याच्या पाठीमागे भिकाजीला नुसती बोटानं खूण केली.

वाळूवर मासळी सरकल्याचा बारीक आवाज झाला. लाट परत जाताना होतो ना, तसा. जयवंत धुक्याकडेच बघत राहिला.

“ह्यो कोणाचो?” भिकाजीनं बोट ठेवून विचारलं.

“द्वारकाआत्याचा.”

“आणि ह्यो?”

“भिकाजीकाका, तुमचा.”

एकेक नाव त्यानं न अडखळता घेतलं. मग उठला आणि वळला.

भिकाजीपुढे गुडघाभर रास होती. बाकी सगळ्यांपुढे एकेक पेडवा. आत्यापुढेही एकच.

“वाटे असे कोणी केले?”

“नावां तूच घेतलंस, वकिलानु.”

“ही फसवणूक आहे! परत वाटे करा!”

“आता कसे? झाला गेला,” भिकाजी गालातल्या गालात हसला.

“असांदे रे,” आत्या शांतपणे म्हणाली. “माझ्या मांजराक पुरे झाला.”

जयवंत तिच्या हातांकडे बघत राहिला. दोरीनं तळवे लाल झाले होते...

“बाबा, मी कुणाचीही बाजू घेतली नाही.”

“नाहीच घेतलीस.”

“मग?”

भिकाजीनं आपली रास पायानं मोडली, सगळी मासळी पुन्हा एकत्र केली आणि नव्यानं वाटे मांडायला बसला. कुणाला घाई नव्हती.

जयवंत बाबांजवळ वाळूत बसला. आवाज अगदी खाली गेला होता.

“तो मसुदा तिथे सगळ्यांनी वाखाणलाय, बाबा. आता मीच उठून नको कसं म्हणू? कोण ऐकेल?”

बाबांनी राशीतला एक पेडवा उचलला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. ओला, गार.

“हा घेऊन जा. त्यांच्या मेजावर ठेव.”

“आणि सांगू काय?”

“काही नको सांगूस, बेटा. वास सुटू दे... सगळे वळून बघतील.”