रुमालाखालचा हात

“...मग जो बुडाला, तो स्वतःच्या चुकीनंच बुडाला ना, बाबा?”

रंगरावांनी हे विचारलं तेव्हा गुरांचा बाजार उठत आला होता. दस्तगीरबाबा लिंबाखाली बसले होते. एके काळी याच बाजारात ते दलाली करायचे. एक दिवस सगळं सोडून फकीर झाले. मिसरूड फुटायच्या वयात रंगराव त्यांच्याच हाताखाली बैलांचे सौदे शिकले होते. आता रंगरावांचं ट्रॅक्टरचं शोरूम होतं, आणि व्यापारी संघात भाषणाला उभे राहिले की ते काही लवकर बसत नसत.

“कोण बुडालं?”

“हिंदुराव. माझा धाकटा भाऊ. छापखाना बंद पडला, त्यानं अंथरूण धरलं, आणि... गेला. उद्या तेरावा.”

“मग?”

“त्याची बायको म्हणते, दादा, पोरांसमोर एकदाच बोला. ‘तुमच्या बापाची चूक नव्हती’, एवढंच.”

“बोल की.”

“खोटं कसं बोलू? बाजार कुणाचा वैरी नसतो, बाबा. ज्याच्यात धमक असते त्याला वर काढतो. नसते त्याला...”

“तुमची वाटणी कशी झाली होती?”

रंगरावांना हा प्रश्न आवडला नाही.

“वडलांनी डब्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या. पहिली मी उचलली. रस्त्याकडेची जागा आली. आतली त्याला.”

“आणि पुढं त्या रस्त्याचा हायवे झाला.”

“मी घाम गाळलाय, बाबा! रात्रंदिवस!”

“त्यानं नाही गाळला?”

खरं सांगायचं तर रंगराव चिडले नव्हते, भ्याले होते. भावाची चूक नसेल, तर आपली कर्तबगारी तरी कितीशी उरते? ते एक वाक्य तोंडातून गेलं असतं, तर शोरूम, भाषणं, गळ्यातले हार, सगळं डब्यातल्या एका चिठ्ठीवर येऊन ठेपलं असतं. असं भय माणसाला एकट्यालाच बाळगावं लागतं.

“निघत नाही ते वाक्य,” ते हळूच म्हणाले. “बारा दिवस झाले. पोरं माझ्या तोंडाकडं बघत बसतात...”

बाबांनी खांद्यावरचा रुमाल काढून स्वतःच्या हातावर पसरला.

“ये.”

बाजाराची जुनी रीत. भाव तोंडानं बोलायचा नाही. रुमालाखाली हात घालायचा आणि समोरच्याची बोटं दाबून सांगायचा, म्हणजे तिसऱ्याला पत्ता लागत नाही. चाळीस वर्षांनी रंगरावांचा हात रुमालाखाली गेला. सवयच ती.

बाबांनी तो हात धरला.

रंगराव वाट बघत राहिले. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“चार?”

बाबांनी हात तसाच धरून ठेवला.

“सगळी बोटं धरलीत... म्हणजे पाच? पण पाच कसले?”

रंगरावांनी रुमालाखाली बाबांची बोटं पुन्हा चाचपली.

“बाबा, भाव कळंना.”

“भाव नाही रे. नुसता धरलाय.”

रंगरावांनी हात काढून घेतला नाही. त्यांचे डोळे भरून आले, ओठ हलले. आता बोलतील, असं वाटलं. पण ओठांच्या आधी रुमालाखाली त्यांची बोटं हलली, आणि त्यांनी बाबांची तीन बोटं घट्ट दाबली.

“तीन लाख,” ते घाईघाईनं म्हणाले. “पोरांच्या शिक्षणाचं सगळं मी बघतो. ते वाक्य तेवढं राहू द्या.”

बाबांनी हळूच बोटं सोडवून घेतली. रुमाल झटकला, घडी घातली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते त्यांनी पुसलं नाही.

“उद्या तेराव्याला जाऊ नकोस, रंगा. पोरं येऊन नुसता हात धरतील, आणि तू भाव सांगशील.”